आवक क्रमांक मिळालेलं युद्ध

माझ्या ओळखीत सरकारकडे लेखी अर्ज करून फौज मागणारा एकच माणूस आहे, आणि तो धुळ्याला आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं लावायचा. फौज त्याला स्वतःसाठी नको होती. आफ्रिकेतल्या एका गावासाठी हवी होती. त्या गावाचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही आणि अर्जात ते मीच लिहिलं होतं.

रतन बैसाणे हे त्यांचं नाव. सगळे त्यांना नाना म्हणत, प्राचार्यही. मूळ गाव पिंपळनेरजवळचं. सतराव्या-अठराव्या वर्षी फौजेत गेले, तिथं नर्सिंग असिस्टंट झाले, म्हणजे जखमी माणसाजवळ सगळ्यांच्या आधी पोचणारा आणि सगळ्यांत कमी पगार घेणारा डॉक्टर. परत आले तेव्हा वय चाळिशीच्या पुढं होतं. आमच्या संस्थेत माजी सैनिक म्हणून जागा निघाली ती ग्रंथालय परिचराची. संस्थेच्या अध्यक्षसाहेबांनी त्यांना नेमताना भाषण केलं की आता या वीराच्या हातात तलवारीऐवजी ग्रंथ येत आहेत. नानांच्या हातात तलवार कधीच नव्हती, कात्री होती. ती शेवटपर्यंत शर्टाच्या खिशात दोन पेनांच्या शेजारी असायची.

पुस्तकं ते विषयानुसार लावत नसत, उंचीनुसार लावत. ग्रंथपाल मॅडमनी पहिली दोन वर्षं भांडून पाहिलं. नाना म्हणायचे, "मॅडम, फौजेत फॉल-इनच्या रांगेत माणूस कोणत्या गावचा हे बघत नाहीत. उंची बघतात." त्यामुळे आंतरराष्ट्रीय कायदा आमच्याकडे कायम पाककृतींच्या शेजारी उभा असे. फरक एवढाच की पाककृती कोणीतरी घरी नेत असे.

ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत त्यांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात पट्ट्या, कापूस, लाल औषध. कॉलेजात कोणाला काहीही लागलं की तो नानांकडे. एका गॅदरिंगला दोन गटांत मारामारी झाली, खुर्च्या फुटल्या, आठ-दहा पोरं रक्ताळलेली. नानांनी दोन्ही गटांना एकाच बाकावर बसवलं आणि ओळीनं पट्ट्या बांधत गेले. उपप्राचार्य वही घेऊन आले. "नाना, विचारा ना यांना कोणी मारलं ते."

"सर, कोणी मारलं ते तुमचं खातं," नाना मान वर न करता म्हणाले. "माझं खातं कुठं लागलं एवढंच."

हे वाक्य ते आयुष्यभर पाळत आले असते तर सुखी झाले असते, असं मला पुष्कळदा वाटतं.

माझा त्यांच्याशी संबंध आला तो घंटीमुळे. मी राज्यशास्त्र शिकवतो, आणि ज्याला राज्यशास्त्र शिकवायचं असतं त्याच्या गळ्यात वादविवाद स्पर्धा पडते. आमची स्पर्धा अध्यक्षसाहेबांच्या वडिलांच्या स्मरणार्थ असते. फिरता करंडक आहे, तो तीन फुटांचा आहे, आणि विजेत्या कॉलेजला तो एसटीतून नेताना जास्तीचं तिकीट काढावं लागतं. वेळ पाळायला मी नानांना बसवत असे. चार मिनिटांना एक घंटी, पाचाला दुसरी. वक्ता मंत्र्याचा मुलगा असो की कोणी, पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं.

एका वर्षी विषय होता : "मानवतेच्या रक्षणासाठी युद्ध समर्थनीय आहे, असे या सभागृहाचे मत आहे." विषय मीच काढला होता. नवीन सुचला नाही की असा काढतात. त्यात दोन्ही बाजूंना टाळ्या असतात. पाचोऱ्याचा एक मुलगा बाजूनं बोलला. काय बोलला! जळणारी घरं, आक्रोश करणाऱ्या माता, आणि शेवटी बोट छताकडे नेऊन, "तेव्हा शांत बसणारा प्रत्येक देश हा खुनी आहे!" सभागृह कडाडलं. नानांनी चार मिनिटांची घंटी दिली, पाचाची दिलीच नाही. पोरगा साडेसहा मिनिटं बोलला आणि परीक्षकांनी वेळेचे गुण कापल्यामुळे दुसरा आला.

बक्षीस समारंभानंतर नानांनी त्याला मागच्या खोलीत गाठलं. मी तिथंच चहा पीत होतो.

"बेटा, तुझी घंटी माझ्यामुळं चुकली. माफ कर."

"असू द्या काका. होतं."

"एक विचारू? तुला खरंच वाटतं का, जायला पाहिजे म्हणून? फौजेनं?"

मुलगा गोंधळला. माझ्याकडे बघून हसला. "काका, मला चिठ्ठीत बाजू आली. विरोधाची आली असती तर ती केली असती. दोन्ही पाठ आहेत."

"दोन्ही पाठ आहेत," नाना म्हणाले. उपहास नव्हता त्यात. उलट हेवा होता.

तो गेल्यावर मी विचारलं, "नाना, आज घंटीचं काय झालं?"

त्यांनी आधी कप धुतले, पालथे घातले. मग पुस्तकांच्या दोन रांगांमध्ये स्टुलावर बसून, मला न बघता, एखादा अहवाल द्यावा तसं सांगितलं. फौजेतल्या शेवटच्या वर्षांत ते शांतिसेनेत आफ्रिकेला गेले होते, एवढं सगळ्यांना माहीत होतं. अध्यक्षसाहेबांच्या भाषणात ते दरवर्षी यायचं. काय झालं ते कोणी विचारलं नव्हतं.

"दोन गावं होती, सर. पहिल्या गावावर टोळी आली तेव्हा माणसं पळत आमच्या गेटला आली. भर दुपार. फाटक उघडायला वरून परवानगी लागायची, गोळी चालवायला तर लागायचीच. साहेबांनी वायरलेसवर विचारलं. तिकडून उत्तर, थांबा, कळवतो. ते कळवणं दोन-तीन ऑफिसांतून फिरून यायचं. आम्ही आतून बघत होतो, ती बाहेरून बघत होती. मध्ये काटेरी तार. परवानगी आली तेव्हा फाटक उघडलं. निम्मी माणसं आत आली."

"आणि निम्मी?"

"उचलून आणली."

असा प्रसंग आला की मी बोलत नाही आणि लोक त्याला माझा संयम समजतात.

"मग सगळ्यांनी ठरवलं, पुन्हा असं होऊ द्यायचं नाही. साहेब वर भांडले. दोन महिन्यांनी दुसऱ्या गावावर टोळी आली, तेव्हा हुकूम लगेच मिळाला. गाड्या काढल्या, गेलो, फायर केलं. मीपण केलं, सगळेच करत होते. टोळी पळाली. गाव वाचलं, सर! बाया नाचत होत्या. आम्हाला खांद्यावर घेतलं त्यांनी." त्यांनी खिशातली कात्री सारखी केली. "मग मी डबा घेऊन शेताकडं गेलो, आपलं कोणी पडलंय का बघायला. मक्याच्या कडेला एक बाई पडली होती. डोक्यावरची लाकडाची मोळी शेजारी. आणि एक लहान पोरगी."

"टोळीनंच मारलं असेल, नाना."

"गोळी कोणाची, हे जखम बघून कळतं, सर. तेवढं शिकवलंय मला."

बाहेर कोणीतरी करंडक रिक्षात घालायचा प्रयत्न करत होतं आणि तो मावत नव्हता. नाना उठले, मदत करून आले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "गेलो नाही तर मेले. गेलो तरी मेले. पण गेलो म्हणून पास्कल जगला. आता तुम्हीच परीक्षक व्हा, लावा गुण."

पास्कल त्या दुसऱ्या गावचा. नानांच्या दवाखान्यात दुभाष्या होता. रोगी आपल्या बोलीत बोलायचा, पास्कल ते हिंदीत सांगायचा. ही हिंदी तो आमच्या सैनिकांकडून शिकला होता, आणि दवाखान्यात मुख्यतः नानांकडून, म्हणजे तिच्यात अहिराणी किती मिसळली हे त्या बिचाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. नाना निघाले तेव्हा गावानं त्यांना एक कोंबडी दिली आणि नानांच्या तोंडून निघून गेलं की जरूर पडली तर बोलव, आम्ही येऊ.

एका बुद्ध पौर्णिमेला नानांनी मला घरी जेवायला बोलावलं. आधी विहारात वंदना होती, मी मागं बसलो होतो. सगळे पंचशील म्हणत होते. नाना पहिल्या ओळीत हात जोडून, पण पहिल्या शीलाला त्यांचे ओठ बंद. प्राण्याची हत्या करणार नाही, हे ते शील. दुसऱ्यापासून आवाज सुरू, खणखणीत. मला वाटलं, उशिरा सुरुवात केली असेल.

घरी जेवताना त्यांच्या पत्नीनं, रमाबाईंनी, न विचारताच खुलासा केला. "पंधरा वरीस झाया, सर. आमना पोऱ्याना लगीनमा बी पहिलं सोडीसन म्हने. भंतेजींनी समजावं. ऐकत नही."

"भंतेजी म्हणतात, शील म्हणजे पुढचा निश्चय, मागचा हिशोब नाही," नाना म्हणाले. "बरोबर आहे त्यांचं. पण उद्या पुन्हा तसं गाव आलं तर मी फायर करीन, सर. मग निश्चय कसला करू? खोटं बोललो तर चौथं शील पण जाईल."

"जेवा आते," रमाबाई म्हणाल्या. "शील मोजता मोजता भाकर थंडी झायी."

हे सगळं इथंच राहिलं असतं. पण दोन-एक वर्षांपूर्वी पास्कलचा आवाज नानांच्या फोनवर येऊ लागला. कोणा जुन्या सैनिकाकडून त्यानं नंबर मिळवला होता. नानांनी मला ग्रंथालयात बोलावून पहिला निरोप ऐकवला. दूरचा, खरखरीत, आनंदी आवाज : "नाना! कैसा शे? मैं पास्कल. मेरा तीन बच्चा शे. बठ्ठा अच्छा शे."

आफ्रिकेच्या मध्यभागातून आलेली अहिराणी, 'आहे'ला 'शे' आणि 'सगळा'ला 'बठ्ठा', मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो. मी हसलो, नानाही हसले. त्या दिवशी त्यांनी तो निरोप प्राचार्यांपासून माळ्यापर्यंत सगळ्यांना ऐकवला. पुढं महिनाभर आमच्याकडे कोणी कोणाला "कैसा शे" विचारल्याशिवाय राहत नसे.

मग निरोप बदलले. त्या भागात पुन्हा टोळ्या निघाल्या होत्या. शांतिसेनेचा तळ तिथून केव्हाच हलला होता. पास्कल सांगायचा, अमुक गाव जळालं, तमुक गाव जळालं. गावं ओळीनं जवळ येत होती. आणि प्रत्येक निरोपाच्या शेवटी : "इधर बठ्ठा लोग पूछता है, नाना. फौज कब आएगा? मैंने बोला, नाना को पूछता हूँ."

नानांनी मला विचारलं. "सर, तुम्ही राज्यशास्त्राचे. येतील का?"

मला उत्तर माहीत होतं. कोणी येणार नव्हतं. त्या देशात कोणाला रस होता तो जमिनीखालच्या खनिजात होता, वरच्या माणसांत नव्हता. आणि जे देश मानवतेसाठी निघतात ते कुठं निघतात आणि कुठं निघत नाहीत, याचा नकाशा मी दरवर्षी द्वितीय वर्षाला फळ्यावर काढून दाखवतो. पण मी म्हणालो, "नाना, परिस्थिती गुंतागुंतीची आहे."

"म्हणजे येतील?"

"म्हणजे... सांगता येत नाही."

"मग मागणी केली पाहिजे," नाना म्हणाले. "मागितल्याशिवाय फौज निघत नाही. वायरलेसवर पहिले मागणीच करतात."

मागणी कुठं करायची, याचं उत्तर त्यांनी स्वतःच शोधलं. महिन्यातून एकदा सरकारी कचेरीत लोकशाही दिन असतो. नागरिकांनी अर्ज घेऊन यायचं, अधिकारी समोर बसून ऐकतात. नानांचा तर्क सरळ होता : देश सरकारचा, फौज सरकारची, आणि सरकार आपल्या जिल्ह्यात त्या दिवशी टेबलावर बसलेलं असतं. अर्ज लिहून द्यायला त्यांनी मला सांगितलं. मी लिहिला. "विषय : आफ्रिकेतील खाली नमूद केलेल्या गावी शांतिसेना तातडीने पाठविणेबाबत." खाली मायना, मग कारणं, मग "तरी मेहेरबान साहेबांनी याबाबत सहानुभूतीपूर्वक विचार करावा, ही नम्र विनंती." सोबत जोडलेल्या कागदांत सेवापुस्तकाची प्रत आणि आधार कार्ड.

एक कबूल केलं पाहिजे. अर्ज नानांना देण्याआधी मी तो स्टाफरूममध्ये वाचून दाखवला. लोक पोट धरून हसले. मीही हसलो. वाक्यरचनेला दाद मिळाली.

नानांच्या बरोबर मीच गेलो होतो. कचेरी कोणती ते लिहीत नाही, कोणतीही असती तरी असंच झालं असतं. रांगेत नानांच्या पुढं शेजाऱ्यानं गटार आपल्या दारात सोडल्याची तक्रार होती आणि मागं शिधापत्रिकेतून नाव गेलेली एक म्हातारी. नानांनी अर्ज दिला. कारकुनानं वाचला, पुन्हा वाचला, माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

"बाबा, हे आमच्याकडं येत नाही."

"मग कोणाकडं येतं तेवढं लिहून द्या. तिकडं जातो."

"तसं लिहून देता येत नाही."

"मग घ्या इथंच."

मागची म्हातारी म्हणाली, "घी टाक ना रे भाऊ! त्याना कागद का जड शे?"

कारकुनानं शिक्का मारला. आवक क्रमांक पडला. साहेबांपुढं अर्ज गेला तेव्हा त्यांनी तो पूर्ण वाचला हे मी पाहिलं. भला माणूस असावा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि विचारलं, "तुम्ही तिथं होता?" नाना सावधान उभे राहून "जी साहेब" म्हणाले. साहेबांनी अर्जावर "योग्य त्या कार्यवाहीसाठी" असं लिहिलं. याहून जास्त त्यांच्या हातातही काही नव्हतं.

नानांनी बाहेर येऊन आवक क्रमांक पास्कलला कळवला. "अर्जी लग गया है बेटा. नंबर मिला है." मी शेजारी उभा होतो. थांबवायला हवं होतं. पास्कलचं उत्तर तासाभरात आलं. त्यानं तो नंबर गावात सगळ्यांना वाचून दाखवला होता. जी चार-पाच कुटुंबं गाव सोडून लांबच्या मोठ्या तळ्याकडे निघून जायच्या बेतात होती, तीही थांबली होती.

महिन्याभरानं योग्य ती कार्यवाही झाली. अर्ज माजी सैनिकांची कामं बघणाऱ्या एका कचेरीत गेला होता आणि तिथल्या कोणीतरी आपुलकीनं नानांना फोन केला. "बैसाणे, तुमचा अर्ज आलाय. काय, पेन्शन थकलीय का?"

"नाही साहेब. पेन्शन वेळेवर आहे."

"मग तक्रार काय आहे?"

नानांनी सांगायला सुरुवात केली. पलीकडचा माणूस थोडा वेळ ऐकत होता. मग म्हणाला, "पेन्शन मिळतेय ना? मग अर्ज निकाली काढतो." आणि निकाली काढला. तसं पत्रही आलं. नानांनी ते घडी घालून डब्यात, पट्ट्यांच्या खाली ठेवलं.

त्याच सुमारास त्यांचा निरोप समारंभ झाला. साठी भरली होती. शाल, श्रीफळ आणि एक भिंतीवरचं घड्याळ. अध्यक्षसाहेब उत्तम बोलतात. त्यांचं बोलणं ऐकताना आपण काही ऐकतोय याचा त्रास होत नाही. ते म्हणाले, "आमच्या नानांनी सातासमुद्रापार जाऊन मानवतेसाठी शस्त्र उचललं. मी आज या व्यासपीठावरून सांगतो, जगाच्या पाठीवर कुठेही निष्पापांचे अश्रू सांडत असतील, तर हा देश गप्प बसणार नाही! गरज पडली तर आपण सगळे निघू! अगदी मीसुद्धा!"

टाळ्या. मग नानांना दोन शब्द बोलायला उभं केलं. नाना माइकपाशी गेले, शाल सावरली आणि अध्यक्षसाहेबांकडे वळून विचारलं, "साहेब, मग कधी निघायचं?"

सभागृह हसून हसून लोळलं. अध्यक्षसाहेबही दिलखुलास हसले, नानांच्या पाठीवर थाप मारली, "नाना मिश्कील आहेत बरं का!" नाना माइकसमोर तसेच उभे होते, उत्तराची वाट बघत. हसणं ओसरलं, पुन्हा थोडं आलं, मग खुर्च्या करकरू लागल्या. कोणीतरी आभारप्रदर्शन सुरू केलं.

निवृत्त होऊन ते पिंपळनेरला गेले. तीन-चार आठवड्यांनी त्यांचा फोन आला. "सर, जमलं तर या." नाना कधी या म्हणत नसत. मी रविवारी गेलो. ते ओसरीवर बसले होते, समोर फोन, शेजारी रमाबाई तांदूळ निवडत. भिंतीवर बुद्ध, आणि समारंभातलं घड्याळ अजून खोक्यातच.

पास्कलचा सकाळचा निरोप त्यांनी ऐकवला. आवाज हळू होता. टोळी एका दिवसाच्या वाटेवर आली होती. गावातली माणसं शाळेच्या आवारात जमली होती, फौज आली तर तिथंच येईल म्हणून. दुसरा रस्ता तळ्याकडचा. दोन दिवस पायी, धाकटं पोर कडेवर, आणि त्या रस्त्यावरही टोळ्या असल्याचं लोक सांगत. "नाना, आप बोलो. रुकना, कि जाना? आप बोलेगा वैसा करेगा."

"वायरलेसच्या पलीकडं बसलेले ते साहेब," नाना म्हणाले, "त्यांना मी पंधरा वर्षं शिव्या दिल्या सर. थांबा कळवतो म्हणायचे. आज मी सकाळपासून तेच करतोय."

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला वाटून काय उपयोग? मला तिथलं काय दिसतंय? थांब म्हटलं आणि आले, तर मी मारलं. जा म्हटलं आणि रस्त्यात गाठलं, तर मी मारलं. तुम्ही सांगा ना. तुमचं एवढं वाचन."

माझं वाचन खरंच पुष्कळ आहे. न्याय्य युद्ध कशाला म्हणावं याच्या सहा कसोट्या मला पाठ आहेत. त्यांतली एकही एका बापाला तीन मुलांसह कोणत्या रस्त्यानं जावं हे सांगत नव्हती. मी पाण्याचा तांब्या उचलला आणि प्यालो.

रमाबाईंनी सूप खाली ठेवलं. "फौज येवानी नही, हाई तुमले माहीत शे ना?"

"शे."

"मग त्याले कसाले ताटकळत ठेवतस? खरं सांगी टाका. पुढलं तो देखी ली. तो बाप शे."

नानांनी फोन तोंडाशी नेला. बटण दाबलं, सोडलं. पुन्हा दाबलं. दोनदा नुसता श्वासच गेला असावा. मग एका दमात म्हणाले, "पास्कल, बेटा, कोई नहीं आनेवाला. अर्जी बंद हो गया. मैं झूठा निकला. बच्चों को लेके निकल, तलाव के तरफ. अभी निकल."

उत्तर लवकर आलं. दोनच शब्द होते आणि एक नाव. "ठीक शे, नाना."

त्यानंतर पास्कलचा आवाज आला नाही. आठवडा गेला, महिना गेला. बातम्यांत त्या गावाचं नाव येणं शक्यच नव्हतं, देशाचंही आलं नाही. रमाबाईंनी मला फोनवर सांगितलं की नानांनी विहारात जाणं थांबवलंय. आता कोणतंच शील म्हणत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात मी जळगावला विद्यापीठात पेपर तपासायला गेलो होतो. दुपारी नानांचा फोन. "सर, मी स्टँडवर उतरलोय. तिकडं कोणी आफ्रिकेचा विद्यार्थी आहे म्हणतात. गाठ घालून द्या." रिक्षानं आले. खूप वाळले होते, पण पँटची इस्त्री तशीच.

पास्कलच्या नंबरवरून निरोप आला होता. आठ सेकंदांचा. पण आवाज पास्कलचा नव्हता, एका बाईचा होता, आणि भाषा त्यांची तिकडची. नानांनी ती दवाखान्याच्या दिवसांत रोज ऐकली होती, पण समजून घ्यायची गरज कधी पडली नव्हती. ते काम पास्कलचं होतं. फोनमधल्या भाषांतराच्या सोयीला ती भाषा माहीतच नव्हती. तिनं भलतंच काहीतरी लग्नाचं निमंत्रण वाटावं असं वाक्य काढलं.

तो विद्यार्थी वसतिगृहाच्या कट्ट्यावर भेटला. सभ्य मुलगा. फोन कानाला लावून तीनदा ऐकलं. मग इंग्रजीत मला म्हणाला, त्यांना सांगा, मला वाईट वाटतं, पण ही माझी भाषा नाही. आमच्या एकट्या देशात किती भाषा आहेत, आणि हा तर दुसराच देश. मी नानांना सांगितलं. नानांनी त्याच्याशी हात मिळवला आणि खिशातून काढून त्याला राजगिऱ्याचा लाडू दिला.

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. साक्रीकडे, म्हणजे पिंपळनेरच्या वाटेनं जाणारी गाडी लागलेली होती. खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभा होतो. नानांनी खिडकीतून हात बाहेर काढून फोन माझ्या कानाशी धरला.

"बाकी काही कळत नाही, सर. पण त्यात ती दोनदा 'नाना' म्हणते. ऐका."

मी ऐकलं. मागं कुठंतरी शेळी ओरडत होती. बाईचा आवाज भरभर, आणि त्यात खरंच दोनदा, नाना.

"हाक मारते का दोष देते?" त्यांनी विचारलं.

मी पुन्हा ऐकवा म्हणालो. त्यांनी पुन्हा लावलं. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी मागं सरकू लागली आणि मी खिडकीबरोबर चालू लागलो. वळणावर गाडी क्षणभर थांबली. धुळ्याच्या गाडीची घोषणा चालली होती, फार मोठ्यानं. नानांनी एक कान बोटानं बंद केला होता, दुसऱ्याला फोन लावला होता आणि डोळे मिटून ते पुन्हा पहिल्यापासून ऐकत होते.